तिन्हीसांजेचं दार

सातारच्या मंगळवार पेठेत शिरून कुणालाही विचारा, "दिव्याची सून कुठं राहते?" शेंबडं पोरगंसुद्धा बोट करून दाखवायचं. नाव तिचं विजयमाला. पण नावानं कोण ओळखतंय! दिवस कलला की हंबीररावांच्या घराच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडायच्या, आणि उंबऱ्यात हातात निरांजन घेऊन ही बाई उभी राहायची. गणपतीच्या देवळातली घंटा थांबेपर्यंत. जाणारे-येणारे तिच्याकडं बघायचे आणि मान खाली घालून पुढं जायचे. देवळापुढनं जातात तसे.

माहेर रहिमतपूरचं. वडलांनी हौसेनं सातवीपर्यंत शिकवलं, आणि त्याच हौसेनं फौजेतला जावई हुडकला. सयाजी सुट्टी काढून लग्नाला आला, अंगाची हळद निघायच्या आत परत गेला. पुढं एका पावसाळ्यात येऊन गेला तेवढाच. मग लढाई पेटली, तो समुद्रापार गेला, आणि मिसराच्या पलीकडच्या वाळवंटातून घरी सरकारी कागद आला. कागदावर मेला असं नव्हतं, जिता असंही नव्हतं. बेपत्ता, एवढंच होतं.

मेल्याचं सुतक असतं, ते फिटतं. जित्याची वाट असते, तीही कधीतरी संपते. बेपत्ता माणसाचं काय करायचं ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. मग सासूनं, साळूबाईनं, ते आपणच ठरवलं. आळीतली एक म्हातारी तिला म्हणाली होती, "ज्याचा ठावठिकाणा न्हाई त्यो तिन्हीसांजेला घर हुडकत असतो, बाई. दार उघडं ठेव. बायकूच्या हातात दिवा दे." तसंही दिवेलागणीला दार लावून कोण बसतं? लक्ष्मी यायची वेळ ती. साळूबाईच्या दारी लक्ष्मीच्या आधी लेक यायचा होता, इतकाच काय तो फरक.

झालं. तेव्हापासून विजयमालेला ना माहेरपण, ना जत्रा, ना कुणाचं लग्न. सांजेला उंबऱ्यात नसून कसं चालेल?

"आत्याबाई, रहिमतपूरला थोरल्या भनीच्या लेकराचं बारसं हाय."

"सकाळी जा आन दिवं लागायच्या आत ये."

"मोटार सांजचीच असती परतीची."

"मग बारसं हितनंच झालं म्हनायचं."

आणि चव्वेचाळीस सालच्या थंडीत ही केकची भानगड निघाली.

फौजी लोकांच्या बायकांसाठी एका महिला मंडळानं संध्याकाळचा पाकशाळेचा वर्ग काढला. शिकवायला पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरावरची बाई आठवड्यातून एकदा खाली उतरायची. रूथबाई साळवी तिचं नाव. बातमी आणली सुलाबाईनं. सुला ही विजयमालेची एकुलती मैत्रीण. माणदेशातल्या धनगराची लेक, आवाज माळावरचा. तिचा नवरा फौजेतल्या खेचरांबरोबर गेला आणि पाय अधू होऊन परत आला. आता आळीच्या टोकाला चार शेरडं राखत बसायचा.

"आवं काकी," सुला ओसरीवरूनच साळूबाईला म्हणाली, "विजाला धाडा माज्यासंगं. केलेलं घरी आनाया मिळतंय. फुकाट!"

"आन काय करत्यात तितं?"

"केक."

"म्हंजी काय वो?" साळूबाईनं नवऱ्याकडं बघितलं.

हंबीरराव पहिल्या लढाईतले पेन्शनर. खाटेवर उठून बसले. "गोड असतोय. पावावानी फुगल्याला. अंडी घालून."

"अंडी? गोडात?" साळूबाईनं कपाळाला हात लावला. "अंड्याचं कालवण ठावं हाय मला. अंड्याचा शिरा काय ऐकला न्हवता!"

"बसऱ्याच्या इस्पितळात एका गोऱ्या नर्शीनं तुकडा दिला हुता मला. अजून जिभंवरनं जात न्हाई."

"केक जात न्हाई का नर्स जात न्हाई?"

हंबीरराव खोकले. बराच वेळ खोकले. पण खोकला थांबल्यावर म्हणाले, "जाऊ दे पोरीला. दिवा लावून जाऊ दे. वर्ग दिवेलागणीनंतरच असतोय. आन संगं सुला हाय की."

असा त्या जिभेवरच्या तुकड्यानं विजयमालेचा पाय घराबाहेर काढला.

वर्गाचा हॉल यवतेश्वराच्या अंगाला होता. डोंगरावरून सुटलेला वारा थेट त्याच्या दारावर यायचा. म्हणून रूथबाईचा पहिला नियम: दारं-खिडक्या बंद, आतून कडी. तिची भट्टी म्हणजे रॉकेलच्या डब्यांचा पत्रा ठोकून केलेली पेटी. खाली शेगडी, आणि वरच्या झाकणावर निखाऱ्यांचा थर. "खालचा विस्तव केकला उचलतो, वरचा त्याला रंग देतो," रूथबाई म्हणायची. "वारा लागला की वरचा पेटतो आणि सगळं संपतं. भट्टी पेटलेली असताना दार म्हणजे भिंत समजायची, बायांनो."

बाकीच्या बायका घामानं निथळायच्या, पदरानं वारा घ्यायच्या. विजयमालेला मात्र त्या कोंडलेल्या खोलीत बरं वाटायचं. इथलं दार बंद असायचं. त्या दारातून कुणी यायचं नव्हतं. तिला कुणाची वाट बघायची नव्हती. लोणी आणि गूळ फेटता फेटता तिचा हात इतका हलका व्हायचा की रूथबाई तिच्या परातीपाशी येऊन थबकायची. साखर रेशनवर होती, म्हणून केक गुळाचा. गूळ कुठल्या उसाचा आणि किती मऊ, ते विजयमालेच्या बोटांना माहेरपासून ठाऊक.

एके संध्याकाळी रूथबाईनं तिला बाजूला घेतलं. "विजयमाला, मला वर शाळेत हाताखाली एक बाई हवी आहे. लिहिता-वाचता येणारी. राहायला खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे, पगार आहे. गुढीपाडवा झाला की यायचं. येशील?"

विजयमालेच्या हातातला डाव परातीत पडला.

"पण मला आधी तुझं एकटीचं काम बघायचं आहे. पुढच्या खेपेला बाकीच्यांना सुट्टी. तू आणि मदतीला सुला. आणि हो, त्या दिवशी रात्री इथं कसलीशी सभा आहे, तेव्हा लवकर यायचं. ऊन असतानाच."

घरी येईपर्यंत सुलाच बोलत होती. "पाचगनी! आगं, तितं थंड हवा, लाल माती, सायबाची पोरं... जा बया! म्हातारीचं बघू काय ते."

"दिव्याचं?"

"दिवा काय पळून जातोय व्हय?"

पाचगणीचं घरात काढायची छाती झाली नाही. तिनं फक्त एवढंच सांगितलं, की एक दिवस लवकर जायचं आहे. साळूबाईनं जात्याचा खुंटा धरून एक फेरा ओढला. मग म्हणाली, "बरं. येक दिवस मी धरते दिवा. माज्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय, हातात न्हाई. पन ध्यान तुजं हितंच असू दे, विजू. वेळ झाली की मनानं उंबऱ्यात उभी ऱ्हा. त्याला कळतंय."

परीक्षेच्या दिवशी फाल्गुनातला वारा सुटलेला. रस्त्यावरचा पाचोळा गिरक्या घेत होता. रूथबाईनं सामान मोजून दिलं, दाराची कडी आपल्या हातानं लावली आणि म्हणाली, "मी पलीकडच्या खोलीत हिशेब बघते आहे. भाजून झाला की हाक मार. मधे मी येणार नाही."

गूळ खलून झाला. लोणी फेसलं. अंडी फोडताना सुला म्हणाली, "कोंबडीला जर कळलं की तिच्या लेकराचा सायेब झाला..." आणि दोघी तोंडात पदर कोंबून हसल्या. पीठ मिसळलं, डबा पेटीत गेला, झाकणावर निखारे पसरले. थोड्या वेळानं वास सुटला. गोड, खमंग, कुठल्याच सणाचा नसलेला असा वास.

"फुगतोय गं!" सुलानं पेटीच्या फटीतून डोकावलं. "नव्या नवरीवानी फुगतोय. मी मागनं कोळसं फोडून आनते थोडं. तू हलू नगंस."

ती आडोशाच्या मागच्या दारानं अंगणात गेली, दार ओढून घेतलं. विजयमाला एकटी राहिली. खिडकीच्या फटीतलं ऊन तांबडं झालं, मग राखाडी. आणि देवळातली घंटा वाजली.

ती उठली. उठायचं असं तिनं ठरवलं नाही. लुगड्याचा काठ सारखा केला, पदर डोक्यावर घेतला, चालत गेली, कडी काढली आणि दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. रोजच्यासारख्या. हात छातीशी आले. हातात दिवा नव्हता, तरी बोटं दिव्याभोवती असावीत तशी वाकली. ती दारात उभी राहिली.

समोरच्या चढावरून एक माणूस येत होता. खाकी कपडे, खांद्याला वळकटी, चाल थकलेली. संधिप्रकाशात तोंड दिसत नव्हतं. ह्या दिवसांत साताऱ्यात खाकीला काय तोटा! पण हा सरळ तिच्याकडंच येत होता. तिला वाटलं, आता काळीज उडी मारेल. काळीज उडी मारेना. ते खाली, खाली, आडात पोहरा सुटावा तसं गेलं. आणि आतून कुणीतरी स्वच्छ बोललं, 'आजच यायचं होतं का तुम्हाला?'

तिला सयाजीचं तोंड आठवेना. भिंतीवरचा फोटो आठवला, फोटोतली टोपी आठवली. टोपीखाली काही नव्हतं. तो माणूस जवळ येत गेला आणि ती दाराला धरून उभी राहिली. वारा तिच्या अंगावरून खोलीत शिरत होता, ते तिला कळत होतं आणि कळतही नव्हतं. मग तो माणूस कोपऱ्यावर वळला, दुसऱ्याच कुणाच्या गल्लीत गेला. कुणाची तरी पोरं ओरडली, "आबा आलं! आबा आलं!"

"विजाऽऽ!"

मागं सुला कोळशाची पाटी टाकून धावत होती. झाकणावरच्या निखाऱ्यांच्या ज्वाळा झाल्या होत्या, ठिणग्या छपराकडं उडत होत्या. सुलानं पदराच्या चुंबळीनं झाकण खाली ओढलं. विजयमालेनं दार लावलं, कडी लावली. आता लावून काय उपयोग!

रूथबाई आली, डबा उपडा केला. वर कोळसा झालेला. मधे सुरी घातली तर आत लापशी.

"दार कोणी उघडलं?"

"वाऱ्यानं," सुला म्हणाली.

"कडी आतून होती."

"लय वारा हुता, बाई."

"मी उघडलं," विजयमाला म्हणाली. "तिन्हीसांज झाली म्हणून."

रूथबाईनं सुरीचं पातं पुसलं. "माझी आजी बाप्तिस्मा घेतल्यावरही उघडायची," ती म्हणाली. "पाद्री रागवायचे, तरी उघडायची. मला कळतं ते. पण वर माझ्या स्वयंपाकघरात नेमका तिन्हीसांजेलाच पोरींचा पाव भट्टीत असतो. त्या वेळेला उठून दाराशी जाणारी बाई मला चालायची नाही."

विजयमाला खाली बघत होती. लुगड्यावर राख पडली होती, ती झटकायचंही तिला सुचलं नाही.

"पुढच्या आठवड्यात परत कर. ह्याच वेळेला. मुद्दाम ह्याच वेळेला. त्यानंतर मी दुसरी बघेन."

वाटेत विजयमालेनं सुलाला ते सांगितलं. खाकीतल्या माणसाचं. आपलं काळीज कुठं गेलं तेही.

सुला चालता चालता थांबली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतलं. मग म्हणाली, "हे म्हातारीपाशी बोलू नगंस. देवापाशी बी नगंस. माज्यापाशी बोललीस, बास झालं."

घरी हंबीररावांनी करपलेला तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अस्साच हुता. बसऱ्याचा अगदी अस्साच."

साळूबाई मात्र भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात विझलेलं निरांजन. "दोनदा लावला," ती म्हणाली. "दोनदा इझला. माज्या हातात टिकंना. त्याला तुजाच हात लागतोय, विजू. आता हितनं पुडं तिन्हीसांजेला भाईर न्हाई जायाचं. मला मारून जा पायजे तर."

ज्या वाऱ्यानं केक करपवला त्याच वाऱ्यानं दिवा विझवला होता. हे विजयमालेला दिसत होतं. पण वाऱ्याचं नाव घेऊन सासूशी कसं भांडायचं? तिनं निरांजन उचललं, वात सारखी केली, पुन्हा लावलं. नेमका तेव्हा वारा पडला होता. दिवा सरळ जळला.

"बघ," साळूबाई म्हणाली.

पुढचे दिवस विजयमाला उंबऱ्यात उभी राहिली की तिला दाराची चौकट अंगाला घट्ट बसवल्यासारखी वाटायची. पूर्वी ती वाट बघायची, निदान तसं समजायची. आता घरासमोरच्या चढावर कुणी दिसलं की ती श्वास धरायची, आणि तो माणूस वळून गेला की सोडायची. घंटा थांबायची. आत्याबाई विचारायच्या, "कोन दिसलं का गं?" ती म्हणायची, "न्हाई," आणि त्या 'न्हाई'ला आपल्या आवाजात सुटका ऐकू येते की काय, म्हणून पुन्हा एकदा हळू म्हणायची, "न्हाई, आत्याबाई."

तोड काढली सुलानं. "तुजं लुगडं दे मला."

"कशाला?"

"म्हातारीला दिसतंय किती? दारात लुगडं दिसतंय आन दिवा दिसतोय. मी ऱ्हाते हुबी पदर वढून. काका गप ऱ्हात्याल, त्यास्नी केक पायजे. तू मागच्या दारानं जा."

"तू माझ्यापेक्षा उंच हाईस."

"गुडघ्यात वाकते की. जलमभर शेरडाखाली वाकले, येक दिवस दिव्याखाली वाकते."

"आन बोलल्या काही तर?"

"तू तरी कवा बोलतीस गं त्यांच्यासंगं? न्हाई म्हनायचं. तेवढं येतंय मला."

आणि तसंच झालं. ठरल्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला हंबीररावांच्या दारात विजयमालेचं लुगडं उभं राहिलं, आणि विजयमाला हॉलमध्ये बंद दाराआड पेटीसमोर. ह्या खेपेला रूथबाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर हिशेबाची वही.

घंटा वाजली. विजयमालेचे पाय हलले. तिनं ते अंगाखाली दुमडून घेतले. तरी गुडघे उठू बघत होते, तेव्हा तिनं गूळ कुटायचा लोखंडी खल ओढला आणि मांडीवर घेतला, तान्हं पोर घ्यावं तसा, दोन्ही हातांनी. खल जड होता. घंटा वाजत राहिली. दाराच्या फटीतून वारा शीळ घालत होता, आणि तिला वाटत होतं की बाहेर कुणीतरी उभं आहे, टोपी आहे, टोपीखाली तोंड नाही, आणि ते बिचारं घर हुडकतं आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. ते पुसायला तिनं हात उचलला नाही, कारण हात उचलला असता तर खल निसटला असता.

घंटा थांबली.

केक बदामी उतरला. रूथबाईनं बोटानं दाबून बघितला. तो दबला आणि पुन्हा वर आला. "पाडव्यानंतर पहिल्या मोटारीनं ये," ती म्हणाली.

विजयमाला घरी पोचली तेव्हा सुला तिच्याच लुगड्यात ओसरीच्या पायरीवर बसून गुडघे चोळत होती. आत साळूबाई.

"कळलं गं," सुला कुजबुजली. "मी हुबी, वाकून, दिव्याला फुंकर लागू न देता. घंटा बी सपली. आन म्हातारी म्हनती, 'सुला, गुडघं दुखत असतील, सरळ हो आता.'"

"मला दिसत न्हाई," आतून साळूबाईचा आवाज आला. "वास येतो. माज्या सुनंला लोण्याचा वास येतोय अलीकडं. तुला शेरडांचा."

विजयमालेनं केकचा डबा तिच्यापुढं ठेवला. पाचगणीचं सांगितलं. सगळं सांगितलं, खाकीतल्या माणसाचं सोडून. साळूबाईनं डब्याला हात लावला नाही. बोलली ती इतक्या हळू, की खाटेवरच्या हंबीररावांनी कानामागं हात नेला.

"दिवा ढणढणा जळत हुता. सुलाच्या हातात. दिवा कुनाच्या बी हातात जळतोय, विजू." ती थांबली. "हे मला कळाया नको हुतं."

त्यानंतर हो नाही, नको नाही. पाडवा जवळ येत गेला. साळूबाई रोज सांजेला एवढंच म्हणायची, "दार उघड," आणि विजयमाला उघडायची. ट्रंक भरायला घेतली तरी ती बोलली नाही. रागावली असती तर बरं, असं विजयमालेला वाटायचं. रागावलेल्या माणसाला ओलांडून जाता येतं.

पाडव्याची गुढी उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळची मोटार ठरली होती. सांज झाली, विजयमालेनं फळ्या उघडल्या, निरांजन घेतलं, उंबऱ्यात उभी राहिली. घंटा सुरू झाली. मागून सावकाश पावलं आली आणि एक सुरकुतलेला हात तिच्या बोटांमधून निरांजन काढून घेऊ लागला. बोटं सुटेनात. साळूबाईनं ती एकेक करून सोडवली.

"जा," ती म्हणाली. "पन सकाळी जाताना दार लोटू नगंस."

ती सुनेच्या शेजारी उभी राहिली, चढाकडं तोंड करून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी. ज्योत तिच्या हातात हलत होती, पण जळत होती. विजयमाला तिथंच होती. मोटार सकाळची, आता कुठं जायचं? पदराचं टोक धरून बघितलं, चौकटीला धरून बघितलं. दिवा नसताना ह्या वेळेला हात कुठं ठेवायचे, ते काही केल्या तिला सुचेना.

"कोन दिसतंय का गं?" साळूबाईनं विचारलं.